डभोईच्या गाडीची वेळ

मांडवीजवळचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय ज्याने पाहिलेले नाही, असा बडोदेकर सापडणे कठीण. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या गृहस्थांना मुद्दाम बोलावून घेतले आणि त्यांच्याकरवी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ग्रंथालयातील पुस्तकांची मांडणी लोखंडी, आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा हा तीमागचा हेतू. त्या काचेचा आणखी एक उपयोग होता. तो ना महाराजांच्या ध्यानी आला असेल, ना बोर्डनसाहेबांच्या. खाली उभे राहिले, की वर चालणाऱ्याच्या पावलांच्या सावल्या धूसर दिसतात. 1967 सालच्या हिवाळ्यात मी तेवीस वर्षांचा होतो, आणि त्या सावल्यांतून एका विशिष्ट चपलांची सावली मला बिनचूक ओळखता येत असे.

ती एम. ए. चा अभ्यास करावयास येई. राहावयास खारीवाव रोडला. मी एका पेढीत नुकताच चिकटलेला कारकून. माझा आणि वाङ्मयाचा संबंध त्या चपलांपुरताच. तिला लागणारे पुस्तक कोणते हे हेरून ठेवावे, ते भलत्याच फळीवर सरकवावे, आणि ती शोधून शोधून थकली की आपणच ते काढून द्यावे, असा माझा उद्योग महिनाभर चालला होता. शेवटी एके दिवशी तिने पुस्तक हाती घेत विचारले, "तुम्हाला वाचताही येतं, की नुसती पुस्तकं हलवता?"

मी म्हटले, "कोणी शिकवलं तर वाचीनही."

"फी परवडणार नाही."

"हप्त्यांनी देईन."

ती हसली. एवढेच. पण त्या काळी एवढ्या भांडवलावर माणूस आठवडाभर राजासारखा जगत असे. आमच्या दोघांच्याही घरची माणसे एकमेकांना ओळखत होती. दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे जाताना कोणीतरी काकू, कोणीतरी मामा भेटलेच पाहिजेत. त्यामुळे आमचे सारे बोलणे पुस्तकांच्या आडून आणि अर्ध्या आवाजात. एका शनिवारी मात्र तिने पहिल्यानेच कबूल केले, की साडेपाचला वाचन आटोपून न्यायमंदिरापर्यंत बरोबर चालत जाण्यास हरकत नाही. गर्दीचा रस्ता आहे, कोणी काही म्हणणार नाही.

आता मला एक कबुली दिली पाहिजे. त्या दिवशी दुपारी आई एका लग्नघरी गेली होती. जाताना मला बजावून गेली होती, "आप्पांजवळ बैस. त्यांना एकटं सोडू नकोस."

आप्पा म्हणजे माझे वडील. गायकवाडी रेल्वेच्या गोया गेटच्या कचेरीत त्यांनी हिशेबनिसाची नोकरी तीस-बत्तीस वर्षे केली. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ही रेल्वे बी. बी. अँड सी. आय. मध्ये गेली, आणि 1951 साली पश्चिम रेल्वे झाली. पाटी बदलली, आप्पांची खुर्ची तीच राहिली. 1953 साली ते निवृत्त झाले. पुढे दहा-बारा वर्षांनी त्यांच्या बोलण्यात चुका होऊ लागल्या. जेवण झाल्यावर 'पाने वाढा' म्हणावे, मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारावी. आम्ही म्हणत असू, साठी बुद्धी नाठी. यापलीकडे त्याला काही नाव असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

चार वाजता आप्पा घोरत होते. मी कडी हळूच ओढून घेतली आणि सायकलवर टांग टाकली. दीड तासाचा तर प्रश्न, असे मनाशी म्हटले.

साडेपाचाला दहा मिनिटे होती. ती पुस्तके आवरीत होती, आणि 'फीचा पहिला हप्ता' म्हणून उसाचा रस चालेल की नाही यावर आमचा वाद रंगला होता. इतक्यात माझा धाकटा भाऊ धापा टाकीत आत आला. चौदा वर्षांचा पोर, क्रिकेट खेळून घरी गेलेला. त्याने ग्रंथालयाच्या शांततेची पर्वा न करता ओरडून सांगितले, "दादा, आप्पा घरात नाहीत. दार उघडं आहे. चपला तिथंच आहेत!"

चपला तिथेच आहेत, या तीन शब्दांनी माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तसाच धावलो.

आमच्या घरापासून सूरसागर हाकेच्या अंतरावर. आज तलावाच्या मध्यावर शंकराची भव्य मूर्ती उभी आहे. तेव्हा तेथे नुसते पाणी होते, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी ते काळे दिसत असे. अनवाणी निघालेला म्हातारा माणूस कोठे जाईल, या प्रश्नाचे पहिले उत्तर मला तेच सुचले. मी दगडी काठाने सबंध फेरी मारली. पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला विचारले. एके ठिकाणी पाण्यात काही पांढरे तरंगताना दिसले, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरलो. ते कोणाचे तरी उपरणे निघाले. शेजारचे गुजराती काका आपले दोन्ही मुलगे घेऊन कमाटीबागेकडे गेले होते, ते हात हलवीत परत आले. कोणी स्टेशनवर, कोणी विठ्ठलमंदिरात पाहून आले. आमची पोळ ही अशी, की एका घरातला माणूस हरवला तर चाळीस घरांतल्या चुली थंड.

ओल्या धोतराने घरी आलो, तो ओटल्यावर आई बसलेली. लग्नातून तिला कोणीतरी बोलावून आणले होते. ती रडत नव्हती, हेच मला भयंकर वाटले. तिने एकच विचारले, "तू कुठं होतास?"

मी उत्तर दिले नाही. देण्याची गरजही नव्हती, कारण उत्तर आईशेजारीच बसले होते. माझ्या भावाबरोबर ती चालत आमच्या घरी आली होती. कोणी काय म्हणेल याचा तिने विचार केलेला दिसला नाही. आईला पाणी देऊन, हातात हात घेऊन ती बसली होती. माझ्याकडे तिने ग्रंथालयातल्या नजरेने पाहिले नाही. एखादा पोलीस जमादार पाहील तसे पाहिले.

"आप्पांच्या अंगावर काय होतं?"

"बंडी आणि धोतर. निजले होते."

"खुंटीवर त्यांचा कोट असतो ना? तो कुठं आहे?"

आत जाऊन पाहिले. काळा कोट खुंटीवर नव्हता. टोपी नव्हती.

"बूट?"

कपाटाखाली आप्पांचे कचेरीचे बूट चौदा वर्षे पडून होते. आई दर दिवाळीला ते पुसून पुन्हा तिथेच ठेवी. तेही नव्हते.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मग तळ्यात कशाला शोधता? कोट-बूट घालून माणूस तळ्यावर जात नाही, कचेरीत जातो. त्यांची कचेरी कुठं होती?"

गोया गेट! प्रतापनगर हे नाव त्या स्टेशनला केव्हाच मिळाले होते, पण आप्पांच्या तोंडून मी ते कधी ऐकले नाही. मी सायकल काढली. मांडवी, गेंडी दरवाजा, वाडी करीत जे पेडल मारले, ते स्टेशनचे दिवे दिसेपर्यंत थांबलो नाही. जुन्या वाचकांना त्या फलाटाची आठवण असेल. दोन फूट सहा इंच रुंदीचे ते रूळ, आणि त्यांवर उभे असलेले खेळण्यासारखे डबे. खंडेराव महाराजांनी 1862 साली मियागाम ते डभोई ही पहिली छोटी लाइन टाकली. तिचे रूळ इतके हलके, की इंजिनाचा भार सोसेना म्हणून गाडी बैलांनी ओढावी लागे. 1873 साली जड रूळ टाकले, तेव्हा कोठे इंजिन धावू लागले. ही गोष्ट आप्पा आम्हाला निजवताना सांगत. त्या डभोईच्या गाडीच्या फलाटावर, बाकाच्या कडेला, काळा कोट आणि टोपी घालून आप्पा ताठ बसले होते. मांडीवर रिकामा डबा होता.

शेजारी एक म्हातारा गुजराती पॉइंटमन उभा होता. त्याने आप्पांना ओळखले होते, चहा पाजला होता, आणि 'साहेब' म्हणून त्यांना धरून ठेवले होते. तो हळूच म्हणाला, "डभोईचा हिशेब अजून आला नाही म्हणतात. मी म्हटलं, येईल, बसा."

आप्पांनी मला पाहिले. नाव काही आठवेना त्यांना, पण माणूस ओळखीचा आहे एवढे उमगले. म्हणाले, "उशीर झाला रे मला. हजेरी लागली का?"

मी म्हणालो, "आप्पा, घरी चला." ते उठेनात. मी हात धरला, तर झटकला. मी रडकुंडीला आलो. तेव्हा मला काय सुचले कोण जाणे, मी म्हटले, "साहेबांनी आज तुम्हाला रजा दिली आहे."

आप्पांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. "लेखी दिली का?"

पॉइंटमनने कानावरची पेन्सिल काढून माझ्या हाती दिली, आणि पाकिटाचा एक तुकडाही. कचेरीचा कारभार इंग्रजीत चाले, हे मला ठाऊक होते. मी लिहिले, 'लीव्ह ग्रँटेड', आणि खाली एक गिचमिड सही केली. आप्पांनी चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि अगदी समाधानाने म्हणाले, "चला."

टांग्यातून घरी पोचलो तेव्हा ती निघून गेली होती. आईने आप्पांचे पाय धुतले. मला कोणी काही बोलले नाही, आणि त्या रात्री मी जेवलो नाही.

पुढे तीन आठवडे मी ग्रंथालयात गेलो नाही. ज्या हसण्यासाठी मी वडिलांना कडी घालून गेलो, त्याची मला लाज वाटत होती. शेवटी एका रविवारी तीच आमच्या ओटल्यावर आली आणि आईला म्हणाली, "आप्पांना पाहायला आले." माझ्याशी बोलली ती फक्त जाताना. "पुस्तकं हलवणं बंद झालं, ते बरं झालं. आता वाचायला या."

आमचे लग्न 1968 साली झाले.

आज त्या आजाराला नाव आहे. आलॉयस अल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 सालीच तो वर्णन करून ठेवला होता. आपल्या घरांपर्यंत ते ज्ञान पोचायला साठ-सत्तर वर्षे लागली. अशा माणसांची तगमग दिवेलागणीला वाढते, आणि पुष्कळदा ती जुन्या घराच्या किंवा जुन्या कामाच्या वाटेला लागतात, हे आता वैद्यकही सांगते. म्हणून वाचकांना वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगतो. घरच्या वृद्धाच्या खिशात नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या. त्यांचा अलीकडचा फोटो हाताशी ठेवा. माणूस हरवला तर पोलिसांकडे जाण्यास चोवीस तास थांबावे लागते हा समज खोटा आहे, तत्काळ जा. ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. आणि शोधायला निघण्यापूर्वी खुंटीवर काय नाही ते पाहा.

ते छोटे रूळ आता गेले. डभोईवरून केवडियाला जाणारी मोठ्या रुळांची गाडी 2021 सालच्या जानेवारीत सुरू झाली, आणि ती प्रतापनगरहूनच सुटते. गोया गेट हे नाव आम्हा म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहे.

आप्पा 1971 साली गेले. त्या शनिवारनंतर रोज संध्याकाळी ते कोट घालून दाराशी उभे राहत, आणि रोज त्यांना रजेची चिठ्ठी लागे. मी पेढीतून घरी येईपर्यंत ते शांत बसलेले दिसत. आई काहीतरी समजूत घालीत असेल, असे मी धरून चाललो होतो. तेरावा झाल्यावर कोट धुवावयास काढला, तेव्हा आतल्या खिशातून चिठ्ठ्यांचा जुडगाच निघाला. सर्वांवर तेच दोन शब्द. माझ्या चिठ्ठ्या मोजक्याच, रविवारच्या आणि सुटीच्या, गिचमिड सहीच्या. बाकी साऱ्या वळणदार अक्षरातल्या, आणि प्रत्येकीखाली तिने स्वतःचे पूर्ण नाव लिहिलेले होते.

मी तिला म्हटले, "साहेबाची सही करायची असते, आपली नाही."

ती म्हणाली, "त्यांना खोटी सही कशाला दाखवायची? रजा मीच देत होते."