संमोहनात सत्ता कोणाची?

संमोहन म्हटले की रोखलेली नजर, हलते घड्याळ आणि रंगमंचावर कच्चा कांदा सफरचंद समजून मिटक्या मारत खाणारा कुणी बापडा डोळ्यांसमोर येतो. या चित्रात सगळी सत्ता संमोहनकाराकडे असते आणि समोरचा निव्वळ बाहुले. पुरावा पाहू लागलो की हे चित्र उलटे होते. संमोहनाची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो फ्रान्ट्स मेस्मर हा डॉक्टर अठराव्या शतकात पॅरिसमध्ये एका अदृश्य चुंबकी द्रवाने रोग बरे करण्याचा दावा करत होता. रुग्णांना झटके येत, ते कोसळत आणि बरे वाटल्याचे सांगत. १७८४ साली राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारले' आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. पहिल्याच झाडाशी त्याला घाम फुटला, चौथ्याशी तो बेशुद्ध पडला. भारलेल्या झाडापर्यंत तो पोचलाच नव्हता! द्रव वगैरे काही नाही, ही कल्पनाशक्तीची करामत, असा निर्वाळा समितीने दिला. तो बरोबरच होता. पण नुसत्या अपेक्षेने एक मुलगा जमिनीवर कोसळतो, ही गोष्ट 'नुसती कल्पना' म्हणून निकालात काढण्याजोगी खचितच नव्हती.

इथे हटकून आक्षेप येतो की मग हे सगळे सोंगच असणार. भिडेखातर लोक तसे वागत असतील, दुखत असूनही नाही म्हणत असतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८४५ साली बंगालमधल्या हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने मेस्मरच्या तंत्राने रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या गाठी कापायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा पहिला रुग्ण एक कैदी होता. गोऱ्या डॉक्टरसमोर कैदी कितीसे बोलणार? पुढच्या वर्षी नेमलेल्या सरकारी समितीनेही नोंदवले की शस्त्रक्रियेच्या वेळी काहींचे अंग पिळवटत होते, चेहरे वेदनेने वेडेवाकडे होत होते. जागे झाल्यावर मात्र ते काही जाणवले नाही असे सांगत. वेदना नव्हतीच, की होती पण आठवत नव्हती, हे त्या काळात ठरवणे अशक्य होते. मेंदूची चित्रे घेता येऊ लागल्यावर प्रश्नाला हात घालता आला. १९९७ साली माँट्रियलमध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित माणसांना हात कढत पाण्यात बुडवायला लावले. वेदनेची तीव्रता तेवढीच राहील, पण त्रास कमी किंवा जास्त वाटेल, अशा सूचना दिल्या. स्पर्श आणि वेदनेचा ठावठिकाणा नोंदवणारा मेंदूचा भाग जवळपास तसाच काम करत राहिला. बदल झाला तो वेदनेचा जाच जाणवण्याशी निगडित असलेल्या अग्र सिंग्युलेट भागात, आणि तोही दिलेल्या सूचनेबरहुकूम. माणूस तोंडाने खोटे बोलेल, पण सांगितल्याप्रमाणे मेंदूचा नेमका तेवढाच भाग मंद किंवा तेज करण्याचे सोंग कोण वठवणार?

सत्ता संमोहनकाराची असती तर निष्णात माणसाला सगळेच वश झाले असते. तसे होत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के लोक खोलवर संमोहित होतात, जवळपास तितकेच मुळीच होत नाहीत, बाकीचे मधे कुठेतरी. हा गुण टिकाऊही आहे: स्टॅनफर्डमध्ये तपासलेल्या विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचे गुण बऱ्याच अंशी पूर्वीसारखेच आले. संमोहन म्हणजे झोपही नव्हे. मेंदूचा विद्युत आलेख जागेपणाचाच असतो. ही वेगळी मनोवस्था मानायची की एकाग्रता आणि अपेक्षा यांचाच परिणाम, यावर अभ्यासकांत अजून जुंपलेली आहे. कांदा खाणाऱ्या बापड्याबद्दल सांगायचे तर तो आपण होऊन मंचावर आलेला असतो, चाचण्यांतून निवडलेला असतो, आणि टाळ्या वाजवणारे सभागृह समोर असते.

जी कल्पनाशक्ती वेदना मवाळ करते तीच आठवणी रचते, आणि इथे मात्र सावध राहायला हवे. संमोहनात विसरलेले सगळे अचूक आठवते हा समज चुकीचा आहे. माणूस जास्त तपशील सांगतो, त्यात बनावट तपशीलही वाढतात, आणि तो ते जास्त ठामपणे सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १९८५ च्या अहवालाने अशा आठवणी विश्वासार्ह नसल्याचे सांगितले. आपल्याकडे पूर्वजन्माची सफर घडवण्याचा धंदा जोरात आहे तो नेमका याच दुबळ्या जागेवर उभा आहे. 'मला स्पष्ट दिसलं' हे सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरेच दिसलेले असते. दिसले म्हणून ते घडले होते असे ठरत नाही, एवढेच.

उपयोग आहेत ते यापेक्षा कमी नाट्यमय, पण भरवशाचे. आतड्याच्या चिवट तक्रारींवर मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली संमोहनाचे उत्साहवर्धक निष्कर्ष मांडले आणि पुढच्या अभ्यासांनी त्यांना बळ दिले. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९२ पासून थायरॉइडसारख्या शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता होत आल्या आहेत. तिथे जागा बधिर करण्याचे इंजेक्शन असते, शिरेतून थोडे गुंगीचे औषध असते, आणि उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ रुग्णाला त्यानेच निवडलेल्या एखाद्या सुखद आठवणीत रमवत असतो. रुग्ण मध्येच अस्वस्थ झाला तर पूर्ण भूल देण्याची तयारी शेजारी असतेच.