शेंडा तुटल्यावर

ठमे, तुझा प्रश्न चांगला आहे. झाडाला फांद्या वर फुटतात, मग आपल्या या आंब्याला थेट बुंध्यातूनच कशा फुटल्या? उत्तर लांबचं आहे. वादळापासून सुरुवात करावी लागेल.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला लागलं. तू तेव्हा चार वर्षांची, लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेली. बरंच झालं म्हणायचं. ताशी 100 ते 120 किलोमीटर वेगाचा वारा. कौलं, पत्रे, विजेचे खांब यांचं काय झालं ते तुझी आजी रंगवून सांगेल. मी वाडीचं सांगतो. पोफळी मधोमध मोडल्या. काही माड मुळासकट गेले, काहींचे नुसते शेंडे पिळवटले. जायफळं आडवी झाली. आंब्याच्या साऱ्या फांद्या गेल्या, उरला नुसता ठोंबा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत भर दुपारी अंधारलेलं असायचं बघ, तिथे दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मला त्या उन्हाचा फार राग आला. त्या उन्हाची दुसरी बाजू मला पुढे हळूहळू कळत गेली.

आता आंब्याकडे ये. याच्या सालीखाली जागोजाग डोळे असतात. म्हणजे न फुटलेले कोंब. पानाच्या बगलेत तयार होतात, फुटत नाहीत, आणि खोड जाड होत जाईल तसे सालीबरोबर बाहेर सरकत वर्षानुवर्षं निजून राहतात. त्यांना निजवून ठेवतो तो शेंडा. शेंड्यात ऑक्झिन नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि ते खोडातून खाली खाली वाहत राहतं. जोवर ते वाहतं आहे तोवर खालचे डोळे गप्प. थोरला दिंडीदरवाजात बसलेला असला की धाकटे जसे आवाज काढत नाहीत ना, तसं. हे काही माझ्या मनाचं नाही. 1930 च्या दशकात थिमान आणि स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी एका घेवड्याच्या जातीच्या रोपाचा शेंडा छाटला आणि छाटलेल्या जागी ऑक्झिन लावून पाहिलं. शेंडा नसूनही खालचे डोळे निजलेलेच राहिले!

पण गोष्ट इथे संपत नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या लोकांनी वाटाण्यावर बारकाईनं पाहिलं, तर काय दिसलं? शेंडा कापल्यावर ऑक्झिन ओसरल्याची वर्दी खालच्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच तो हलायला लागला होता. त्याला उठवलं कुणी? साखरेनं. पानं साखर बनवतात आणि वाढता शेंडा त्यातला मोठा वाटा ओढून घेतो. शेंडा गेला की तीच साखर काही तासांत खालच्या डोळ्यांकडे वळते. वादळानं आमच्या आंब्याचे शेंडे नेले, तसं पानंही नेली. पण खोडात आणि मुळांत साठवलेलं होतंच. त्याच्या जोरावर पावसाळ्यातच बुंध्यावर तांबूस ठिपके उमटले, आणि वरचं छत उडाल्यामुळे ऊन थेट त्यांच्यावर पडू लागलं. मी ज्या उन्हावर चिडलो होतो, तेच.

एक गंमत सांगतो, हापूसवाल्यांखेरीज कुणाला सुचणार नाही. आपला हापूस कलमी. खालचा खुंट रायवळ आंब्याचा, वर बांधलेली काडी हापूसची. म्हणून फुटवा आला की नाचायचं नाही, आधी जोड शोधायचा. जोडाच्या वर फुटलेला हापूस, खाली फुटलेला रायवळ. आणि खालचा भारी दांडगा असतो, वेळीच खुडला नाही तर वरच्याला मागे टाकतो. विहिरीकडचं कलम जोडाच्याही खाली मोडलं होतं. ते आता अस्सल रायवळ झालंय. तुझी आजी त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालते आणि हापूसपेक्षा हेच बरं म्हणते.

आता पोफळीचं. इथे मी तुला गोड गोड सांगणार नाही. माड आणि पोफळ यांना एकच कोंब, अगदी डोक्यावर. खोडात राखीव डोळे नाहीत. जखम भरून काढणारा, खोडाला जाडी देणारा तो सालीखालचा वाढता थरही नाही. शेंडा मोडला की झाड संपलं. उभं दिसलं तरी संपलं. लोक महिनोन्‌महिने मोडक्या पोफळींकडे आशेनं बघत होते. मला बघवायचं नाही. तिथे एकच उपाय, पिकलेली सुपारी रुजत घालायची. दोन-तीन महिन्यांनी हिरवी सुई वर येते, वर्ष-दीड वर्षाचं रोप वाडीत लागतं, आणि पहिलं पीक यायला पाच ते सात वर्षं.

त्यात पुन्हा ऊन आडवं आलं. पोफळीच्या लहान रोपाला उघडं ऊन सोसत नाही. पौष-माघात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, दुपारनंतर नैर्ऋत्येकडून तिरपा मारा करतो, आणि कोवळी खोडं त्या एकाच बाजूनं करपतात. म्हणून आधी केळी लावल्या, त्यांच्या सावलीत रोपं. उघड्या पडलेल्या खोडांना त्या अंगानं झावळ्या बांधल्या. शिवाय पडलेले माड लवकर हलवावे लागले. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि त्याची पुढची पिढी वाचलेल्या माडांचा कोंब पोखरते. वाडीत पंख्यासारखी कातरलेली झावळी दिसली की समजायचं, आला! मग तारेचा आकडा कोंबात घालून त्याला ओढून काढायचा.

आता तुझा दुसरा प्रश्न. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब, जमीन तापलेली, तरी फाल्गुन-चैत्रात सगळीकडे पालवी का? कारण बरीच झाडं पावसाची वाट बघत नाहीत, दिवस मोजतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तेरा तासांहून थोडा मोठा. एवढासा फरक; तुला-मला कळतही नाही. कुसुम, पिंपळ यांना कळतो. पाणी ती खोल मुळांनी आणतात. पहिला पाऊस पडेल तेव्हा यांची पानं तयार असतात, आणि ढग येण्याआधीचं भरपूर ऊनही पदरात पडतं.

आंब्याची ही पालवी हातात घेऊन बघ. तांबूस, लुळी, खाली लोंबणारी. नव्या पानातलं हरितद्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, आणि ऊन तर चैत्राचं. तो तांबडा रंग अँथोसायनिनचा. तो जादा प्रकाश अडवतो आणि लोंबल्यामुळे ऊन अंगावर सपाट पडत नाही. पान हिरवं झालं की ताठ होतं. काही जण म्हणतात, तांबडं पान किड्यांनाही कमी आवडतं. असेल.

तुझा विश्वास बसलेला दिसत नाही. बसू नयेच. आजीकडून मूठभर वाल माग, दोन कुंड्यांत पेर. रोपं वीतभर झाली की एका कुंडीतल्या सगळ्यांचे शेंडे खुड आणि रोज सकाळी पानांच्या बगला बघत जा. दुसऱ्या कुंडीला मात्र अजिबात हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. नाहीतर ताडून कशाशी बघशील?