फायलीची ओळख

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारांत हिमरूची शाल घेतांना जाणतें गिऱ्हाईक वरच्या चिठ्ठीवर विसंबत नाहीं. तें कापड उलटून वीण पाहतें. संगणकापुढें किंवा मोबाइलपुढें नवी फाईल आली म्हणजे हाच प्रश्न उभा राहतो. चिठ्ठीवर विश्वास ठेवावा, कीं वीण पाहावी?

चिठ्ठी म्हणजे फायलीच्या नांवाचें शेपूट. नांवाअखेर टिंब देऊन डॉक, जेपीजी, पीडीएफ अशीं अक्षरें जोडलेलीं असतात. विंडोज ही कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, मुख्यतः याच अक्षरांवरून निर्णय करते. तिच्याजवळ रजिस्ट्री नांवाची नोंदवही असते. नवा प्रोग्रॅम बसला कीं तो या वहींत लिहून ठेवतो कीं, अमुक शेपटाच्या फायली आपल्या. त्यांचें चित्र हें, आणि त्या उघडण्याची आज्ञा ही. पुढें तशी फाईल उघडूं गेल्यास विंडोज वही पाहून त्या प्रोग्रॅमला हांक मारते. नोंद नसेल तर निर्दोष फाईलही अनोळखी ठरते. उलट शेपूट बदललें म्हणून आंतला मजकूर बदलत नाहीं.

वीण पाहण्याची रीत युनिक्सच्या परंपरेंतली. १९७३ सालच्या युनिक्समध्यें ‘फाईल’ नांवाची आज्ञाच होती. ती आंतील मजकूर तपासून प्रकार सांगे. पीडीएफच्या आरंभीं टक्क्याची खूण व पी-डी-एफ हीं अक्षरें असतात. झिप गाठोड्याच्या आरंभीं पी-के हीं अक्षरें असतात. तीं त्या पद्धतीचा कर्ता फिल कॅट्झ याचीं आद्याक्षरें होत. लिनक्स आजही शेपूट व वीण या दोन्ही खुणांचा उपयोग करते.

या भेदाचें मोल ऑगस्ट २०२५ मध्यें मराठवाड्यांतच दिसून आलें. हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाचें निमंत्रण आलें. वरून पीडीएफ वाटणारी ती फाईल वस्तुतः एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर नवा प्रोग्रॅम बसविणारें गाठोडें होतें. ती उघडल्यावर त्यांच्या खात्यांतून सुमारें १ लाख ९० हजार रुपये गेले.

अशा वेळीं यंत्र फसत नाहीं. एपीके ओळखूनच अँड्रॉइड ती प्रोग्रॅम बसविणाऱ्या विभागाकडे देतो, आणि बाहेरून आलेला प्रोग्रॅम बसवावयाचा काय, अशी परवानगी विचारतो. चिठ्ठी वाचून फसतो तो माणूस.

यास्तव नांवाचें शेवटलें शेपूट अवश्य वाचावें. विंडोज ओळखीचीं शेपटें आपण होऊन लपविते. तीं दाखविण्याची सोय चालू करावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. आणि एवढें ध्यानीं असावें कीं, लग्नपत्रिका वाचावयाची असते. ती बसविण्याची परवानगी यंत्र मागूं लागलें, तर ती पत्रिका नव्हेच.