टॉवर दिसतो, पण नेट नाही: जंगलाकडेच्या गावांत नेमकं काय अडतं?

वर्धा जिल्ह्याला कुणी दुर्गम म्हणत नाही. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग इथून जातो, समृद्धी महामार्ग जातो, नागपूर दोन तासांच्या आत. पण हिंगणीच्या पुढे बोरच्या जंगलाकडे वळा, किंवा कारंजा (घाडगे), आष्टीच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या लहान गावात जा. कुणाला फोन लावायचा असेल तर पोरं एका ठरावीक ठिकाणी जाऊन उभी राहतात. पाण्याची टाकी, देवळाचा ओटा नाहीतर वावराचा धुरा. गावात सगळ्यांना ते ठिकाण माहीत असतं.

दहा वर्षांपूर्वी ही फक्त गैरसोय होती. आता तसं राहिलेलं नाही. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहून मोबाइलवरूनच काढायचा. कापूस हमीभावाने सीसीआयला विकायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी. भरतीचा फॉर्म, स्कॉलरशिप, बँक, सगळीकडे ओटीपी. ओटीपी यायच्या आत त्याची वेळ संपली, की कास्तकार तालुक्याला जातो आणि एका दिवसाची मजुरी बुडवून पाच मिनिटांचं काम करून येतो. पोरगा किंवा पोरगी गावात राहून काही करू शकेल की पुण्याची गाडी पकडेल, हे ठरण्यात रेंजचा वाटा चांगलाच मोठा आहे.

आधी एक गैरसमज काढू. जीपीएसला रेंज लागत नाही. तुमचा फोन थेट उपग्रहांचे सिग्नल ऐकून जागा काढतो. नेट असेल तर उपग्रह लवकर सापडतात, नसेल तर उघड्यावर थोडं थांबावं लागतं, एवढाच फरक. म्हणजे वावरातली जागा बरोबर येते, अडतं ते माहिती वर पाठवताना.

काड्या पूर्ण, तरी गोल फिरतंय

स्क्रीनवरच्या त्या चार काड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा बघायचा तर अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं जा. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतील. तिथे उणे चिन्हासह डीबीएममध्ये आकडा दिसेल. फोर-जीसाठी -९० च्या आसपास किंवा त्याहून वर (म्हणजे -८०, -७५) चांगलं, -११० च्या खाली गेलं की रडकथा सुरू. हा आकडा सरळ रेषेत चालत नाही, १० ने घसरला म्हणजे सिग्नल दहावा हिस्सा उरला.

आकडा चांगला असूनही नेट चालत नसेल तर दोष बहुतेक टॉवरच्या मागे आहे. टॉवर म्हणजे शेवटचा नळ. त्याला मागून पाइपलाइन लागते, म्हणजे फायबर नाहीतर एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणारी मायक्रोवेव्ह लिंक. कुठे रस्त्याचं काम करताना जेसीबीने फायबर तोडलं की टॉवर दिमाखात उभा आणि नेट बंद. भारतनेटमध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर गेलं, पण ते बऱ्याच ठिकाणी एका ओळीत टाकलेलं होतं. मध्ये तुटलं की पुढची सगळी गावं बाद. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच रिंगची रचना आहे, एका बाजूने तुटलं तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येतो. माझ्या मते ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे, फक्त ती कागदावरून जमिनीत उतरायला हवी.

आकडाच खराब असेल तर कारण लहरींमध्ये आहे. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी लांब जातात, झाडाभिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. ३५०० मेगाहर्ट्झची फाइव्ह-जी वेगवान, पण लवकर दमते. त्यात टेकडी आडवी आली की तिच्यामागे सावली पडते, आणि सागाची ओली पानं सिग्नल खातात. उन्हाळ्यात साग बोडका झाला की रेंज जरा सुधारते असं गावकरी सांगतात, त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

मग टॉवरच का लावत नाहीत?

साधा हिशोब आहे. चारशे वस्तीच्या गावातल्या रिचार्जमधून टॉवरचं डिझेल, बॅटरी, देखभाल निघत नाही. त्यात जंगलाची जमीन असेल तर वनखात्याची परवानगी. बोर हा देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, पण नियम तेच.

हा तोटा भरून काढायला एक निधी आहे, आणि त्यात तुमचे पैसे आहेत. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचा ५ टक्के हिस्सा त्यात भरतात. पूर्वी त्याचं नाव यूएसओ फंड होतं, आता डिजिटल भारत निधी. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटींची फोर-जी योजना मंजूर केली. जानेवारी २०२५ पासून या निधीतल्या फोर-जी टॉवरवर जिओ, एअरटेल, बीएसएनएल कुठलंही सिम चालावं अशी सोयही सुरू झाली. दुसऱ्याच कंपनीची रेंज दिसत असेल तर नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' ठेवून डेटा रोमिंग चालू करून बघा.

इंडोनेशियाचा प्रश्न आपल्यापेक्षा अवघड होता. सतरा हजारांवर बेटं! त्यांनी 'पालापा रिंग' नावाचं समुद्राखालच्या केबलचं जाळं २०१९ मध्ये पूर्ण केलं, आणि जिथे केबल परवडत नाही तिथल्या शाळा-दवाखान्यांसाठी जून २०२३ मध्ये सात्रिया-१ उपग्रह सोडला. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार केला, पण त्यात नावं गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवची. वर्धा नाही. सरासरीने बरा असलेल्या जिल्ह्यातल्या कोपऱ्यातल्या गावांचं नेहमी असंच होतं.

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात एका गावाला ब्रिटिश काळात फोन मिळाला होता. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, त्या घोळातूनच १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव आलं. आणि फोन बसवला तो व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने, कारण त्यांना गांधीजींशी बोलायचं होतं. तो फोन आजही आश्रमात बघायला मिळतो. गरज पलीकडच्या टोकाला होती म्हणून तार इकडे आली.

तोपर्यंत काय करायचं?

पैसे पाठवायचे असतील तर *९९# डायल करा. यासाठी इंटरनेट लागत नाही, साधा फोनही चालतो, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. नंबर मात्र बँकेशी जोडलेला हवा. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत वायफाय असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, रेंज नसली तरी साधा कॉल लागतो. नवं सिम घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा बघा, तो देणं ट्रायच्या नियमाने आता बंधनकारक आहे. नकाशात तुमचं गाव रंगवलेलं असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीत तो सगळ्यात कामाचा.

आणि अर्जात नुसतं 'रेंज नाही' लिहू नका. गावातल्या चार-पाच जागा निवडा, प्रत्येक सिमचा डीबीएम आकडा तारीख-वेळेसह लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि एक प्रत कंपनीला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. मोजणी मे महिन्यात केली असेल तर ऑगस्टमध्ये परत करा, कारण तोवर सागाला पानं आलेली असतील.