जेट इंजिनवाली जॅग्वार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१० च्या पॅरिस मोटर शोमध्ये जॅग्वारने ‘सी-एक्स७५’ ही कॉन्सेप्ट कार सादर केली. कंपनीच्या पंचाहत्तरीनिमित्त बांधलेल्या या गाडीचं रूप जॅग्वारच्याच १९६६ च्या ‘एक्सजे१३’ या रेसिंग कारवरून सुचलेलं होतं. त्याआधी दोनच वर्षं, २००८ मध्ये, टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली होती. त्यामुळे आपल्याकडच्या गाडीवेड्यांना या गाडीबद्दल खास जिव्हाळा आहे. पण जिव्हाळ्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही पसरल्या. त्या दूर व्हायला हव्यात, कारण या गाडीची खरी हकीकत ऐकीव कथेपेक्षा कितीतरी सरस आहे.

गैरसमज १: जेट इंजिन आहे, म्हणजे विमानासारखा मागून झोत सोडून गाडी पळते.

वस्तुस्थिती: झोताचा आणि पळण्याचा काही संबंध नाही. चाकं फिरवतात त्या चार विजेच्या मोटर, प्रत्येक चाकाला एक. बॅटरी भरलेली असताना गाडी साधारण ११० किलोमीटर निव्वळ विजेवर जाईल, असा अंदाज होता. त्यापुढे दोन छोटी गॅस टर्बाइन, म्हणजे ज्यांना जेट इंजिन म्हटलं जातं ती, वीज तयार करणार होती. एकेकाची ताकद ७० किलोवॅट आणि वजन अवघं ३५ किलो. टर्बाइनचा वेग सतत कमीजास्त करावा लागला, तर ते इंधन खूप खातं. तेच एका ठरावीक वेगाने फिरत ठेवलं, तर उत्तम चालतं. म्हणून ते चाकांना न जोडता जनरेटरला जोडलं, आणि चालकाच्या पायाखालची घाईगर्दी बॅटरी-मोटरवर सोपवली. या गाडीची कल्पकता नेमकी इथे आहे.

गैरसमज २: हायब्रिड म्हणजे ॲव्हरेज देणारी, पण पिकअप नसलेली गाडी.

वस्तुस्थिती: विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते, पेट्रोल इंजिनासारखी तिला फेरे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. सी-एक्स७५ च्या चार मोटरची ताकद प्रत्येकी १४५ किलोवॅट, म्हणजे एकूण ५८० किलोवॅट किंवा सुमारे ७८० अश्वशक्ती. शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांच्या आत आणि कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर, असं कंपनीने जाहीर केलं होतं. शिवाय चारही चाकांच्या मोटर स्वतंत्र असल्यामुळे वळणावर कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, हे वेगवेगळं ठरवता येतं.

गैरसमज ३: कॉन्सेप्ट कारचं डिझाइन म्हणजे नुसता देखावा.

वस्तुस्थिती: पूर्ण वेगात फिरणाऱ्या दोन टर्बाइनना मिनिटाला तब्बल ३५,००० लिटर हवा लागणार होती. ती आणायची कुठून, या प्रश्नाने गाडीची आतली रचनाही ठरवली. सीट नेहमीसारख्या रुळांवर मागेपुढे सरकत नाहीत; रेसिंग कारप्रमाणे त्या मागच्या भिंतीलाच पक्क्या बसवल्या आहेत, आणि हवेचे मार्ग त्यांच्या बाजूंनी मागे जातात. सीट हलत नाही, म्हणून स्टिअरिंग, समोरची मीटर आणि पेडल चालकाकडे सरकतात. इयन कॅलम यांच्या डिझाइन विभागाने सौंदर्य आणि गरज यांची सांगड घातली ती अशी.

गैरसमज ४: प्रदर्शनात होती तशीच गाडी पुढे रस्त्यासाठी बनवली गेली.

वस्तुस्थिती: २०११ मध्ये जॅग्वारने विल्यम्स या फॉर्म्युला वन कंपनीच्या साथीने अशा जास्तीत जास्त २५० गाड्या बनवायचं जाहीर केलं. मात्र तेव्हाच टर्बाइनला रजा मिळाली. त्याजागी आलं १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर दोन्ही लावून त्यातून ५०० अश्वशक्ती काढली आणि ते मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत नेलं. मोटरही चारऐवजी दोन झाल्या, तरी एकूण ताकद ८५० अश्वशक्तीच्या पुढे गेली.

गैरसमज ५: ही जेम्स बाँडची गाडी.

वस्तुस्थिती: २०१५ च्या ‘स्पेक्टर’ चित्रपटात, रोमच्या रस्त्यांवरच्या पाठलागात ती दिसते खरी, पण ती खलनायकाच्या हस्तकाची. बाँड ॲस्टन मार्टिनमध्ये आहे. शिवाय स्टंटसाठीच्या त्या गाड्या खास चित्रीकरणापुरत्या बांधल्या होत्या. त्यांच्यात ना टर्बाइन, ना हायब्रिड यंत्रणा. होतं ते सुपरचार्जर लावलेलं ५ लिटरचं व्ही८ इंजिन. तो पाठलाग पाहून सी-एक्स७५ च्या तंत्रज्ञानाबद्दल मत बनवता येणार नाही.

गैरसमज ६: प्रकल्प रद्द झाला, म्हणजे तंत्रज्ञान फसलं.

वस्तुस्थिती: डिसेंबर २०१२ मध्ये जॅग्वारने उत्पादनाचा बेत सोडला, तो जागतिक मंदीचं कारण देऊन. अशा काळात लाखो पौंडांची गाडी बाजारात आणणं कंपनीला योग्य वाटलं नाही. हायब्रिड प्रोटोटाइप मात्र तयार झाले होते आणि चाचण्यांमध्ये ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे धावले होते. गाडी अडली ती हिशेबाच्या वहीत, चाचणीच्या ट्रॅकवर नव्हे.

कॉन्सेप्ट कार विकण्यासाठी नसते. ‘असं करून पाहिलं तर?’ या प्रश्नाचा जाहीर प्रयोग असते. म्हणून पुढच्या वेळी अशा गाडीची बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी तपासा: चाकं नेमकं कोण फिरवतं, दिलेले आकडे मोजलेले आहेत की अंदाजाचे, आणि प्रदर्शनानंतर तिच्यात काय बदललं. एवढं पाहिलं, तरी जाहिरात कुठे संपते आणि अभियांत्रिकी कुठे सुरू होते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.