रक्तावरची साय

लॅबमध्ये रक्ताची नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर, नितळ द्रव उरतो. पण भजी-पुरी हाणून तीन-चार तासांनी रक्त दिलं, तर तोच द्रव दुधाळ दिसू शकतो. ही करामत ट्रायग्लिसराइडची: एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनातून त्याची ने-आण होते. स्नायू ते जाळतात, उरलेलं चरबीत साठतं. कोठार ओसंडलं की मेदाम्लं यकृतात, स्नायूंत शिरतात. मग पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि रक्तवाहिन्याही नीट सैलावत नाहीत. रक्तातलं ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आत असलेलं बरं. ५००च्या वर स्वादुपिंडालाही धोका. शतपावलीचं मोल इथंच: चालता स्नायू इंधन मागतो.