नडगीचे 'पठार' खचते तेव्हा

उतारवयात हाड मोडणे म्हटले की बहुतेकांच्या मनात खुबा येतो, फार तर मनगट. गुडघ्याच्या लगेच खाली, नडगीच्या हाडाच्या माथ्याशी होणाऱ्या अस्थिभंगाविषयी मात्र घरोघरी फारशी माहिती नसते. तरुणपणी हे हाड मोडण्यास मोठा आघात लागतो. ठिसूळ झालेल्या हाडाला ओल्या न्हाणीघरात घसरणे, जिन्याची शेवटची पायरी चुकणे किंवा दुचाकीवर मागे बसलेले असताना कलंडणे एवढेही पुरते.

हा अस्थिभंग गंभीर असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्या उपचारात कुटुंबीयांच्या धीराची दोनदा परीक्षा होते. पहिल्यांदा, घरची मंडळी शस्त्रक्रियेच्या तयारीने आलेली असताना डॉक्टर 'थांबा' म्हणतात. दुसऱ्यांदा, शस्त्रक्रिया उत्तम झाल्याचे सांगून तेच डॉक्टर 'पाय टेकवू नका' म्हणतात. ही दोन्ही थांबणी म्हणजे उपचारातील खोळंबा नव्हे; तो उपचाराचाच भाग आहे. तो समजून घेतलेल्या घरातील रुग्ण पुढे आपल्या पायांवर उभा राहण्याची शक्यता अधिक असते.

हाडाबरोबर सांधाही मोडतो

नडगीच्या हाडाचे वरचे टोक रुंद व जवळजवळ सपाट असते. इंग्रजीत त्याला 'टिबियल प्लॅटो' म्हणतात. प्लॅटो म्हणजे पठार. या पठारावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि त्यावर मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके टेकलेली असतात. उभे राहिल्यावर शरीराचा भार याच पठारावरून खाली उतरतो. पडताना मांडीचे हाड घणासारखे त्यावर आदळले की पठाराचा काठ चिरतो, मधला भाग खाली खचतो, किंवा दोन्ही घडते.

हाताचे किंवा पायाचे लांब हाड मधोमध मोडले आणि किंचित वेडेवाकडे जुळले तरी पुष्कळदा निभावते. सांध्याच्या पृष्ठभागाचे तसे नसते. तेथे उंचसखलपणा राहिला किंवा गुडघ्याचा कल एका बाजूस झुकला तर प्रत्येक पावलाला कूर्चा झिजत जाते आणि काही वर्षांत संधिवात जडतो. म्हणून या शस्त्रक्रियेची उद्दिष्टे तीन असतात: पृष्ठभाग शक्य तितका सपाट करणे, पायाची सरळ रेषा परत मिळवणे आणि गुडघा लवकर हलवता येईल इतकी बळकटी देणे.

टोरांटो येथील अस्थिशल्यचिकित्सक जोसेफ शाट्झकर यांनी १९७९ मध्ये मांडलेले सहा प्रकारांचे वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. पहिले तीन प्रकार पठाराच्या बाहेरच्या बाजूचे, चौथा आतल्या बाजूचा, पाचवा दोन्ही बाजूंचा. सहाव्या प्रकारात संपूर्ण पठारच खालच्या हाडापासून सुटते. वृद्धांमध्ये बाहेरची बाजू खचण्याचे प्रकार अधिक दिसतात. चौथ्यापासून पुढचे प्रकार बहुधा मोठ्या आघाताचे असतात. त्यांत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व स्नायुबंध यांनाही इजा होण्याचा धोका वाढतो.

साध्या क्ष-किरण चित्रात खचलेला भाग कधी कधी नीट दिसत नाही. पडल्यानंतर गुडघा झपाट्याने सुजला असेल आणि त्या पायावर भार देता येत नसेल, तर 'एक्स-रेमध्ये काही नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. सीटी स्कॅनमध्ये तुकड्यांची नेमकी मांडणी कळते आणि शस्त्रक्रियेचा आराखडा त्यावरच आखला जातो.

पहिले काही तास जागरूकतेचे

पाय मोडल्यावर तो ओढून 'बसवण्याचा' प्रयत्न करू नये, तेल लावून चोळू नये आणि हाडवैद्याकडे नेऊन घट्ट पट्ट्या बांधू नयेत. पाय आहे त्या स्थितीत फळीचा किंवा उशांचा आधार देऊन स्थिर ठेवावा व रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने वाटेत काही खाऊपिऊ घालू नये. नेहमीच्या औषधांची यादी सोबत ठेवावी. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आरंभीच सांगावे.

या अस्थिभंगातील एक संकट रुग्णालयात पोहोचल्यानंतरही उद्भवू शकते. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. आत रक्तस्राव व सूज वाढली की कप्प्यातील दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडला जातो. त्यास 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. वेदनाशामक देऊनही वेदना वाढतच जाणे, पायाची बोटे दुसऱ्याने हलवताच पोटरीत असह्य कळ येणे, पोटरी दगडासारखी टणक लागणे, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा येणे ही त्याची लक्षणे. रुग्णाजवळ रात्री बसणाऱ्याने ती पाठ करून ठेवावीत. 'म्हातारपणी सहन होत नाही' असे म्हणून अशी वेदना सोडून देऊ नये. परिचारिकेला व डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. वेळीच आवरण चिरून दाब मोकळा केला तर स्नायू वाचतात. काही तासांचा विलंब पायाचे कायमचे नुकसान करू शकतो. पाऊल गार पडणे, पांढरेफटक दिसणे किंवा अंगठा वर उचलता न येणे हेही तितक्याच तातडीने सांगावे.

पहिले थांबणे: त्वचेसाठी

'डॉक्टर, आईला भरती करून चार दिवस झाले. बाहेरून नुसत्या सळ्या लावून ठेवल्या आहेत, ऑपरेशनचे नावच नाही. दुसरीकडे हलवू का?' कुटुंबाचा डॉक्टर म्हणून असे फोन मला वरचेवर येतात. त्यामागची काळजी खरी असते. निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो.

नडगीच्या पुढच्या भागात हाड व त्वचा यांच्यामध्ये मांसाचा थर फार थोडा असतो. नडगीवरून बोट फिरवून पाहा, लगेच लक्षात येईल. मोठ्या आघातानंतर ही त्वचा ताणून चकाकते, तिच्यावर पाण्याचे किंवा रक्ताचे फोड येतात. अशा त्वचेवर छेद घेतला तर जखम उघडी पडणे, जंतुसंसर्ग होणे आणि तो खालच्या धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचणे या आपत्ती संभवतात. म्हणून गंभीर अस्थिभंगात शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करतात. प्रथम मांडीच्या व नडगीच्या हाडात सळ्या बसवून त्या बाहेरून दांड्याने जोडतात. याला 'एक्स्टर्नल फिक्सेटर' म्हणतात. त्याने लांबी व रेषा टिकते, वेदना कमी होते आणि सूज उतरू लागते. त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की दुसऱ्या टप्प्याची वेळ आली. यास सामान्यतः एक ते दोन आठवडे लागतात. अस्थिभंग उघडा असेल, रक्तवाहिनी तुटली असेल किंवा कप्प्यातील दाब वाढला असेल, तर मात्र तातडीची शस्त्रक्रिया टाळता येत नाही.

हे दिवस वाया घालवू नयेत. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, हृदयाची तपासणी, पोषक व प्रथिनयुक्त आहार आणि तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद करणे ही कामे याच काळातली. निकोटिनमुळे हाड व जखम दोन्ही भरून येण्यास उशीर होतो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

खचलेला तुकडा खालून हळूच वर उचलून पृष्ठभागाशी आणला जातो. तो उचलल्यावर खाली पोकळी उरते, कारण ठिसूळ हाड आधीच चेपलेले असते. ती कमरेच्या हाडातून घेतलेल्या तुकड्यांनी किंवा कृत्रिम अस्थिपूरक पदार्थाने भरतात. नंतर पृष्ठभागाच्या लगेच खाली स्क्रूंची समांतर ओळ बसवतात. घराच्या छपराला जसे वासे, तसे हे स्क्रू पठाराला. बाजूने लावलेली धातूची पट्टी टेकूचे काम करते. 'लॉकिंग प्लेट'मध्ये स्क्रूचे डोके पट्टीतच आटे घालून बसते, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड बरी राहते. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर दोन पट्ट्या आणि कधी दोन स्वतंत्र छेद लागतात.

त्वचेची अवस्था फारच वाईट असेल तर सायबेरियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या पद्धतीचे कडे वापरतात. त्यात सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून जातात व बाहेरच्या कड्याला बांधल्या जातात. मोठा छेद टळतो. तारांच्या जागांची निगा मात्र काही महिने काटेकोरपणे राखावी लागते. ज्या वृद्धांचा गुडघा आधीच संधिवाताने झिजलेला असून हाडही फार ठिसूळ आहे, अशा निवडक रुग्णांत सुरुवातीसच गुडघा बदलण्याचा विचार होतो. त्यात लवकर चालता येते, पण शस्त्रक्रिया नेहमीच्या गुडघेबदलापेक्षा अवघड असते. उलट, तुकडे जागचे हललेले नसतील, गुडघा स्थिर असेल किंवा प्रकृती भूल सोसण्याजोगी नसेल, तर पट्ट्याच्या आधाराने, शस्त्रक्रियेविनाही उपचार होतो. तो कमी प्रतीचा समजू नये.

दुसरे थांबणे: भारासाठी

पट्टी हाडाला जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीरालाच करावे लागते. म्हणून साधारण सहा ते बारा आठवडे त्या पायावर भार देण्यास मनाई असते किंवा अगदी थोडा भार चालतो. नेमका कालावधी शल्यचिकित्सकच क्ष-किरण चित्रे पाहून ठरवतात. 'दुखत नाही, म्हणून चाललो' या एका वाक्यात उचलून बसवलेला पृष्ठभाग पुन्हा खचल्याची कहाणी असू शकते.

भार देऊ नये याचा अर्थ गुडघा हलवू नये असा नाही. नेमकी येथेच घरोघरी गल्लत होते. शल्यचिकित्सकांनी परवानगी देताच, बहुधा पहिल्या काही दिवसांतच, गुडघा वाकवण्याचे व सरळ करण्याचे व्यायाम सुरू करावे लागतात. अन्यथा तो आखडतो. पडून असताना गुडघ्याखाली उशी देण्याचा मोह आवरा. त्याने आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागते. उशी टाचेखाली किंवा पोटरीच्या खालच्या भागाखाली असावी. पावले दर तासाला वर-खाली हलवावीत. पोटरीतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका या काळात मोठा असतो आणि त्यासाठी दिलेली इंजेक्शने किंवा गोळ्या मनाने बंद करू नयेत. पोटरी अकस्मात सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले तर त्वरित रुग्णालय गाठावे. जखमेतून स्राव येणे, लालसरपणा व ताप यांचीही कल्पना त्याच दिवशी द्यावी.

शस्त्रक्रियेनंतर काही वृद्ध रात्री गोंधळतात, माणसे ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात. घरचे घाबरतात. हा संभ्रम बहुधा तात्पुरता असतो. पण डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामागे संसर्ग, औषध किंवा क्षारांचे असंतुलन असू शकते. चष्मा, कानाचे यंत्र, समोर घड्याळ आणि ओळखीचा आवाज यांचा येथे मोठा उपयोग होतो.

घरी येण्यापूर्वी वॉकर, उंच कमोड, न्हाणीघरात हातधरणी व बसून स्नान करण्यासाठी खुर्ची यांची व्यवस्था करा. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे कधी शक्य होईल, हे तज्ज्ञांनाच विचारा; काहींना ते कायमचे सोडावे लागते. पूर्ण सुधारणेस वर्षभरही लागू शकते. पट्टी त्रास देत नसेल तर सहसा काढावी लागत नाही.

आणि पुढचे हाड?

साध्या पडण्याने हे हाड मोडले असेल तर मोडलेला गुडघा दुरुस्त झाला म्हणून उपचार संपत नाही. ठिसूळपणा साऱ्या शरीरात असतो आणि पुढचा अस्थिभंग खुब्याचा असू शकतो. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची पातळी आणि हाडे बळकट करणाऱ्या औषधांची आवश्यकता यांविषयी डॉक्टरांना आपणहून विचारा. धावपळीत हा विषय राहून जातो. नजर, चक्कर आणणारी औषधे, सुटलेल्या सतरंज्या आणि रात्री अंधारात शौचालयाकडे जाणारी वाट यांचीही तपासणी याच काळात व्हावी.

डॉक्टरांना विचारण्याचे पाच प्रश्न

१. पृष्ठभाग किती खचला आहे आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल?
२. त्वचा तयार होण्यास अंदाजे किती दिवस लागतील?
३. गुडघा कधीपासून आणि किती वाकवायचा?
४. पायावर किती भार, कोणत्या तारखेपासून?
५. हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार कोण आणि कधी सुरू करणार?

उत्तरे वहीत लिहून घ्या आणि ती वही रुग्णाच्या उशाशी ठेवा. पाळीपाळीने सेवेला येणाऱ्या मुलगा, सून, लेक, जावई, शेजारी या सर्वांच्या हाती एकच सूचना असली की रुग्णाचा गोंधळ कमी होतो आणि पाय सुरक्षित राहतो.